टीईएममध्ये १३, डीएलएसमध्ये २६: सोन्याच्या नॅनोकणांचे आकडे का जुळत नाहीत?

प्रश्न वडोदऱ्यात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. सायट्रेट पद्धतीने बनवलेले सोन्याचे नॅनोकण टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) १३ ± १.२ नॅनोमीटर दिसतात. डीएलएसमध्ये (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावणातल्या कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रात) मात्र सरासरी व्यास २६ नॅनोमीटर येतो आणि पीडीआय, म्हणजे आकारांच्या पसाऱ्याचा निर्देशांक, ०.४१. शोषणाचे शिखर नीट ५२० नॅनोमीटरला आहे. पीबीएसमध्ये (पेशींसाठीच्या खारट फॉस्फेट द्रावणात) टाकताच लाल द्रावण जांभळे होऊन निळ्याकडे झुकते. मार्गदर्शकांचे मत, संश्लेषण बिघडले, पुन्हा करा. पुढे याच कणांवर एमटीटी, म्हणजे पेशी किती जिवंत आहेत हे रंगाने मोजणारी चाचणी, करायची आहे.

संश्लेषण पुन्हा करण्याआधी वही-पेन घेऊन बसा. तुमचे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. ते कसे, हे गणिताने उलगडले की चूक कुठल्या पायरीवर आहे तेही कळते, आणि ती बहुधा संश्लेषणात नाही.

डीएलएस कण मोजत नाही, विखुरलेल्या प्रकाशाचे चढउतार मोजते. लहान कणाने विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. त्यामुळे यंत्र देते ती ‘झेड-सरासरी’ म्हणजे व्यासाच्या सहाव्या घाताची सरासरी भागिले पाचव्या घाताची सरासरी. टीईएमची सरासरी साधी, प्रत्येक कणाला एक मत. कणांची विभागणी लॉग-नॉर्मल (व्यासाचा लॉगॅरिथम घंटाकार वक्रात बसतो अशी) धरली आणि तिच्या रुंदीला सिग्मा म्हटले, तर या दोन सरासऱ्यांचे गुणोत्तर e चा (५ × सिग्मा वर्ग) हा घात येते. तुमच्या टीईएममध्ये सिग्मा १.२ भागिले १३, म्हणजे सुमारे ०.०९. गुणोत्तर १.०४. म्हणजे केवळ सरासरीच्या फरकाने १३ चे साडेतेरा होतात. त्यावर सायट्रेटचा थर आणि कणाबरोबर ओढले जाणारे पाणी धरा. निरोगी नमुन्यात डीएलएसने १५ ते १८ दाखवावे. २६ नाही.

आता उलट बाजूने या. याच लॉग-नॉर्मल हिशोबात पीडीआय म्हणजे e चा सिग्मा-वर्ग घात वजा १. पीडीआय ०.४१ खरोखर कणांच्या रुंदीमुळे आला असता तर सिग्मा ०.५९ असता. मग टीईएमच्या ३०० कणांत जवळपास ३० कण २३ नॅनोमीटरपेक्षा मोठे दिसायला हवे होते. तुम्हाला एकही दिसलेला नाही. म्हणजे ‘कण वेगवेगळ्या आकाराचे झाले’ हे निदान तुमच्याच विदेने खोडून काढले आहे.

उरते दुसरी शक्यता: बहुतेक सगळे कण चांगले, आणि त्यांत अगदी थोडे गुच्छ. चांगल्या कणांचा जलगतिकीय व्यास १७ आणि गुच्छांचा १२० नॅनोमीटर धरून पाहा. एकूण विखुरणापैकी ४० टक्के गुच्छांकडून येत असेल तर झेड-सरासरी २६ येते आणि पीडीआय ०.४१. अगदी तुमचेच आकडे. आणि ४० टक्के प्रकाशासाठी गुच्छ लागतात किती? १२० भागिले १७ चा सहावा घात सुमारे सव्वा लाख. म्हणजे दोनेक लाख कणांमागे एक गुच्छ पुरतो. (१२० नॅनोमीटरच्या गुच्छाला सहाव्या घाताचा नियम थोडा ढिला पडतो, पण अंदाजाची पातळी तीच राहते.) टीईएमवर ३०० कण मोजून दोन लाखांतला एक सापडणार नाही. शोषण-वर्णपटातही तो दिसणार नाही, कारण अशा गुच्छात दोनशेच्या आसपास कण धरले तरी एकूण सोन्याचा हजारावा भागच त्यात अडकलेला असतो. तीन यंत्रे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, एवढेच.

याची खातरजमा डीएलएसच्याच कच्च्या आलेखावर होते. व्यासाचा आलेख बाजूला ठेवा आणि सहसंबंध फलन उघडा, म्हणजे कोरिलोग्राम: प्रकाशाचे चढउतार किती वेळ स्वतःशी जुळत राहतात याचा वक्र. ६३३ नॅनोमीटर लेसर, १७३ अंश कोन आणि २५ °से. तापमानाच्या पाण्यात १७ नॅनोमीटर कणाचा क्षय-काळ सुमारे ५० मायक्रोसेकंद येतो, १२० नॅनोमीटरच्या गुच्छाचा ३५०. यंत्र तीव्रतेचे सहसंबंध दाखवते, म्हणून आलेखात हे आकडे निम्मे दिसतील. वक्र एकाच उतारावर शून्याला भिडला तर नमुना स्वच्छ. उतार शेवटाकडे लांबत गेला तर गुच्छ. मिलीसेकंदांच्या पुढे वक्र पुन्हा फुगला किंवा शून्यावर आलाच नाही तर धूळ, तंतू नाहीतर बुडबुडा. हा फरक व्यासाच्या आलेखात पुसला जातो, म्हणून तो आलेख आधी पाहू नये.

तो पुसला का जातो, हे गणिताच्या बाजूने समजून घेण्यासारखे आहे. सहसंबंध फलनावरून व्यासांची विभागणी काढणे म्हणजे लाप्लास रूपांतर उलटे फिरवणे. ही समस्या मुळातच अस्थिर आहे. मॅक्व्हर्टर आणि पाइक यांनी १९७८ मध्ये दाखवले की या रूपांतराची आयगेन-मूल्ये वारंवारतेबरोबर घातांकी वेगाने घसरतात. म्हणजे विभागणीतला बारीक तपशील मोजमापात येईपर्यंत नॉइजखाली गाडला जातो, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. नॉइज शंभरात एक असेल तर दोन आकार वेगळे दिसण्यासाठी त्यांत सुमारे तिपटीचे अंतर लागते. नॉइज हजारात एकवर आणला तरी दुप्पट लागतेच, आणि त्यासाठी मोजणी शंभरपट वेळ चालवावी लागते. ‘रिझोल्यूशन वाढवा’ असा पर्याय मेनूत असला तरी तो हे बंधन ओलांडत नाही, फक्त नॉइजला शिखराचा आकार देतो.

कच्ची विदा निर्यात करून स्वतः फिट करायचे असेल तर ऋण नसलेली विभागणी आणि टिखोनोव नियमन (उत्तर फार खडबडीत होऊ न देणारी अट) घ्या. प्रॉव्हेंचरचा १९८२ चा कॉन्टिन हा प्रोग्राम याच जातीचा आहे. नियमनाचा गुणक डोळ्यांना आवडेल तसा निवडू नका. एल-वक्राने (त्रुटी विरुद्ध खडबडीतपणाच्या आलेखाच्या कोपऱ्यावरून) निवडा, किंवा शिल्लक त्रुटी नॉइजच्या पातळीला पोहोचते तिथे थांबा. मग गुणक दहापट वर आणि दहापट खाली करून पाहा. दोन्हीकडे टिकणारे शिखर खरे मानावे, बाकीच्यांचा उल्लेख प्रबंधात नको.

आणि एक कळकळीची विनंती. ‘नंबर’ टॅबमधला आलेख प्रबंधात लावू नका. तीव्रतेवरून संख्या काढताना यंत्र प्रत्येक बिंदूला व्यासाच्या सहाव्या घाताने भागते. मूळ आलेखातली लहान व्यासाकडची किरकोळ चूक त्यात लाखोपट फुगते. तो आलेख टीईएमशी छान जुळतो म्हणून छापला जातो, पण जुळण्याचे कारण गुच्छ त्यातून गायब होतात हे आहे. तीव्रतेचा आलेख, झेड-सरासरी, पीडीआय आणि कोरिलोग्राम द्या, टीईएमचा हिस्टोग्राम शेजारी ठेवा, आणि वरचा दोन गटांचा हिशोब दोन ओळींत लिहा. परीक्षकाला त्यातून तुमच्या नमुन्याबद्दल बरेच जास्त कळेल.

आता गुच्छ आले कुठून ते शोधू. पहिली चाचणी सोपी आहे. फ्लास्कमधून काढलेला, काहीही न केलेला सोल (कणांचे लाल द्रावण) घ्या. गाळलेल्या १ मिलीमोलर सायट्रेटने पाचपट विरल करून डीएलएसला लावा. कोऱ्या पाण्याने खूप विरल केले तर पृष्ठावरचे सायट्रेट सुटत जाते, म्हणून सायट्रेट. पेशिका (मोजणीचे छोटे भांडे) तापमानाला स्थिरावू द्या. पाण्याची स्निग्धता अंशागणिक सुमारे २ टक्के बदलते आणि मे महिन्यात बाकावर ठेवलेली नळी २५ अंशांच्या कितीतरी वर असते. हा मूळ सोल १७ आणि पीडीआय ०.१ च्या खाली दाखवत असेल, तर संश्लेषण निर्दोष आहे आणि गुच्छ नंतरच्या हाताळणीत झाले.

नंतरच्या हाताळणीतला नेहमीचा दोषी म्हणजे उघडे सायट्रेट-कण ‘धुण्यासाठी’ सेंट्रिफ्यूज करणे. तळाशी कण एकमेकांवर दाबले जातात, वरचे द्रावण काढताना सायट्रेटही जाते, आणि पेलेटचा काही भाग नळीच्या भिंतीला काळपट पापुद्र्यासारखा चिकटतो. हलवून तो ‘विरघळला’ असे वाटते, पण जोड्या आणि गुच्छ तसेच राहतात. पृष्ठावर संरक्षक थर चढण्याआधी सेंट्रिफ्यूज नाही, हा नियम पाळा. दुसरा दोषी फ्रीझर. सायट्रेट-सोल गोठला की संपला. मायक्रोस्कोपीसाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवताना नळी थेट बर्फाच्या पॅकला टेकवली तरी कडेचा भाग गोठू शकतो. मध्ये कापूस किंवा कागदाची घडी ठेवा, किंवा सरळ टीईएमची ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) इथेच तयार करून ग्रिडच पाठवा.

तिसरा दोषी सायट्रेटची जुनी बाटली. सायट्रेट हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत बाकावरच्या बाटलीत काही दिवसांत तंतू धरतात, डोळ्यांना दिसण्याआधी डीएलएसला दिसतात. दर वेळी ताजे करा आणि ०.२२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळा. गाळायचे ते सायट्रेट आणि पाणी, तयार सोल नव्हे, कारण सोने काही पटलांवर चिकटून बसते.

मूळ सोलच खराब निघाला तर मात्र संश्लेषणाकडे वळा. तुर्केविच आणि सहकाऱ्यांची १९५१ ची पद्धत, आणि सायट्रेटचे प्रमाण बदलून आकार बदलण्याचे फ्रेन्सचे १९७३ चे काम, यांतून आलेली १३ नॅनोमीटरची कृती अशी. १०० मिली १ मिलीमोलर क्लोरोऑरिक आम्ल उकळा आणि जोरात ढवळत असताना त्यात १० मिली ३८.८ मिलीमोलर ट्रायसोडियम सायट्रेट एकदम ओता. सायट्रेटचे डायहायड्रेट ११४ मिलीग्रॅम लागते. फिकट पिवळे द्रावण रंगहीन, मग करडे-काळसर, मग जांभळे आणि शेवटी माणिकासारखे लाल होते. १० मिनिटे उकळू द्या, उष्णता काढून आणखी १५ मिनिटे ढवळा. थेंबथेंब टाकले तर केंद्रके निरनिराळ्या वेळी तयार होतात आणि विभागणी रुंदावते. कोमट सायट्रेटने उकळी सुमारे ६ अंशांनी उतरते, फ्रिजमधल्या सायट्रेटने त्याहून जास्त, म्हणून ते आधी तापवून घेतलेले बरे.

उन्हाळ्यात कंडेन्सरच्या नळाचे पाणी कोमट असते, वाफ पुरती परतत नाही आणि संहती नकळत चढते. बादलीत बर्फ-पाणी आणि छोटा पंप लावला की हा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात त्रास वेगळा. क्लोरोऑरिक आम्लाचे स्फटिक हवेतले पाणी ओढून वजनकाट्यावरच ओले होतात, आणि वजन खोटे ठरते. १ ग्रॅमची कुपी फोडली की ट्रायहायड्रेट धरून सगळी एकदम विरघळवा, २५.४ मिली भरले की १०० मिलीमोलर स्टॉक तयार. गडद बाटलीत ४ °से.ला ठेवा, त्यातला १ मिली ९९ मिली पाण्यात घ्या. धातूचा चमचा लावू नका, सोने त्याच्यावर बसते.

काचसामान अम्लराजाने धुवा: ३ भाग संहत हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक, ताजे, फ्यूमहूडमध्येच. बाटलीत झाकण लावून साठवायचे नाही, वायू साचून बाटली फुटते. ॲसिटोनने धुतलेले भांडे पूर्ण कोरडे झाल्याशिवाय त्यात घालायचे नाही. नंतर १८.२ मेगाओहम-सेंमी पाण्याने निदान पाच वेळा खंगाळा. ढवळण्याची चुंबकीय कांडी ओरखडलेली असेल तर फेकून द्या. ओरखड्यांत मागच्या बॅचचे सोने राहते आणि नव्या बॅचचे केंद्रक तिथेच बसते.

बॅच बरी झाली का, ते हिशोबाने तपासा. १३ नॅनोमीटरच्या कणात सुमारे ६८,००० अणू बसतात. सगळे सोने क्षपित झाले तर ०.९१ मिलीमोलर सोन्यापासून कणांची संहती १३ नॅनोमोलर येते. २.७ × १०⁸ प्रति मोलर प्रति सेंमी हा विलोपन-गुणांक (दर मोलर संहतीला प्रकाश किती अडतो तो आकडा) घेतला तर ५२० ला शोषण ३.६ च्या आसपास हवे. पाचपट विरल करून ०.७२ दिसले पाहिजे. बरेच कमी दिसले तर सोने भिंतीला आरशासारखे बसले आहे किंवा क्षपण अर्धवट आहे.

पीबीएसमध्ये रंग बदलतो, याचा आकाराच्या गोंधळाशी संबंध नाही. तो कुठल्याही चांगल्या सायट्रेट-सोलमध्ये बदलणारच. कण एकमेकांपासून दूर राहतात ते पृष्ठावरच्या ऋण भारामुळे, आणि भाराचा प्रभाव किती अंतरावर पोहोचतो ते डिबाय लांबी सांगते. २५ अंशांना ती ०.३०४ भागिले आयनिक तीव्रतेचे वर्गमूळ, नॅनोमीटरमध्ये. तुमच्या सोलमध्ये ती सुमारे २ नॅनोमीटर आहे. पीबीएसमध्ये १३७ मिलीमोलर मीठ आणि १२ मिलीमोलर फॉस्फेट मिळून आयनिक तीव्रता ०.१७ मोलर होते, डिबाय लांबी ०.७ नॅनोमीटरवर येते. मग व्हॅन डर वाल्स आकर्षणाला अडवायला काही उरत नाही. कण जवळ आले की त्यांची प्लाझ्मॉन आंदोलने (सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने) जोडली जातात आणि शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते, म्हणून निळा.

याला उपाय म्हणजे भारावर विसंबणे सोडून जाडीचा अडसर उभा करणे. थायॉल (सोन्याला घट्ट धरणारा गंधकाचा गट) असलेले ५ किलोडाल्टनचे पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, वापरा. १३ नॅनोमीटर कणाचे पृष्ठ ५३१ चौरस नॅनोमीटर. दर चौरस नॅनोमीटरला एक साखळी धरली तर १३ नॅनोमोलर सोलला ७ मायक्रोमोलर पेग लागते. १० मिलीला ०.३५ मिलीग्रॅम. दहापट जादा म्हणजे ३.५ मिलीग्रॅम घ्या, ताज्या पाण्यात विरघळवून ढवळत्या सोलमध्ये घाला आणि रात्रभर ठेवा. जुने, वारंवार उघडलेले पेग वापरू नका. थायॉल हवेने ऑक्सिडीभूत होऊन जोड्या होतात, बंध नीट बसत नाही, आणि दोष पुन्हा सोन्यावर जातो.

आता सेंट्रिफ्यूज चालेल. उघडा १३ नॅनोमीटर कण १५,००० जी ला (गुरुत्वाच्या १५,००० पट बलाला) ३ सेंमी खाली यायला हिशोबाने १८ मिनिटे घेतो. पेगमुळे घर्षण वाढते, म्हणून ४० मिनिटे द्या. रोटरची त्रिज्या ८.४ सेंमी असेल तर १५,००० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १२,६०० फेरे. वहीत फेरे लिहू नका, जी लिहा. दुसऱ्या प्रयोगशाळेतला रोटर वेगळा असतो. तीन वेळा धुवा आणि मग मिठाची परीक्षा घ्या: १० ते १५० मिलीमोलर मीठ टप्प्याटप्प्याने घालून १० मिनिटांनी ६५० आणि ५२० च्या शोषणाचे गुणोत्तर मोजा. पेग नीट बसले असेल तर गुणोत्तर शेवटपर्यंत हलत नाही. सोबत उघड्या सोलचीही एक रांग ठेवा. ती काही दशक मिलीमोलरलाच उसळी घेईल आणि परीक्षा खरी होती हे दाखवेल.

एमटीटीबद्दल आधीच सावध करतो, कारण इथे वर्षभराचे काम वाया जाऊ शकते. जिवंत पेशी एमटीटीपासून बनवतात ते जांभळे फॉर्मॅझान ५७० नॅनोमीटरला मोजतात आणि सोन्याच्या ५२० च्या पट्ट्याची शेपटी तिथपर्यंत येते. पेशींनी कण गिळले की माध्यम बदलूनही ते प्लेटच्या विहिरीत (खळग्यात) राहतात आणि ‘जिवंत पेशी’ म्हणून मोजले जातात. त्यात सुटे थायॉल एमटीटीला पेशींशिवायही क्षपित करते, म्हणून धुणे महत्त्वाचे. प्रत्येक प्लेटवर या विहिरी ठेवाच: एक, फक्त कण आणि एमटीटी (पेशी नाहीत); दोन, पेशी आणि कण (एमटीटी नाही); तीन, शेवटच्या धुण्याचे वरचे द्रावण पेशींवर. तिसरी विहीर सर्वात जास्त वेळा विसरली जाते, आणि विषारीपणा कणांचा की उरलेल्या रसायनांचा हे तीच सांगते. निष्कर्ष एमटीटीवर एकट्यावर टाकू नका, एटीपी चाचणी (पेशींतला ऊर्जा-रेणू मोजणारी) जोडीला घ्या. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आणि नॅनोमोलरमध्ये, दोन्ही लिहा.

१० टक्के सीरम असलेल्या माध्यमात डीएलएस करणार असाल तर आधी नुसत्या माध्यमाचे मोजमाप घ्या. सीरममधली प्रथिने स्वतःच शिखरे देतात आणि ती कणांची समजली जातात. स्निग्धताही पाण्याची धरू नका, थोडी जास्त असते.

संख्याशास्त्रात एकच मागणी. एका बॅचच्या सहा विहिरी म्हणजे सहा नमुने नव्हेत. विहिरींचा फरक पिपेटचा हात मोजतो, बॅचचा फरक पद्धतीची विश्वासार्हता मोजतो. निदान तीन स्वतंत्र बॅच, प्रत्येकीचे वेगळे संश्लेषण, वेगळे पेग, वेगळ्या दिवशीच्या पेशी, आणि त्रुटी-पट्टा त्या तिघींच्या सरासऱ्यांवर काढा. मार्गदर्शकांकडे जाताना मूळ सोलचा कोरिलोग्राम आणि दोन लाखांत एक गुच्छाचा हिशोब एकाच पानावर न्या.